आर्क्टिकमधल्या दोन विमानतळांमधलं अंतर कसं काढायचं : नकाशावर ३६० किलोमीटर, तिकिटावर ४,४००

ग्रीस फियॉर्ड ही कॅनडातली सर्वांत उत्तरेकडची नागरी वस्ती. एल्स्मिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, दीडशेच्या आत-बाहेर माणसांचं गाव. तिथून पूर्वेला समुद्र ओलांडला की ग्रीनलँडच्या वायव्य टोकाला कानाक लागतं. दोन्ही गावांना विमानतळ आहेत आणि त्यांच्यामधलं हवाई अंतर आहे सुमारे ३६० किलोमीटर. छोट्या विमानालाही दीड तासाच्या आतलं काम.

आता तिकिटांच्या कुठल्याही संकेतस्थळावर ही दोन नावं टाकून बघा. थेट उड्डाण नाही. नियमित विमानांनीच जायचं म्हटलं, तर ग्रीस फियॉर्डहून आधी उलट दिशेला, म्हणजे पश्चिमेला रेझोल्यूटला जायचं. तिथून खाली दक्षिणेला इकालुइत, मग समुद्र ओलांडून ग्रीनलँडची राजधानी नूक, तिथून वर इलुलिस्सात आणि शेवटी कानाक. पाच टप्पे, मिळून सुमारे ४,४०० किलोमीटर. वार जुळले तर आठवडा, नाही जुळले तर विचारू नका.

नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. ‘किती लांब आहे आणि किती वेळ लागतो’ हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात तीन वेगळे आकडे लपलेले असतात. पहिला हवाई अंतर. त्याला कॅल्क्युलेटर पुरतो. दुसरा उड्डाणाचा वेळ. त्यासाठी विमान कुठलं हे कळावं लागतं. तिसरा प्रवासाचा वेळ. त्यासाठी कॅलेंडर घेऊन बसावं लागतं. मुंबई-दिल्लीच्या प्रवासात हे तिन्ही आकडे एकमेकांना धरून चालतात, म्हणून आपल्याला ते वेगळे काढायची सवयच नसते. आर्क्टिकमध्ये ते पार फाटाफूट करतात. म्हणून एकेक करून घेऊ, आणि उदाहरण याच दोन गावांचं ठेवू.

पहिली पायरी : विमानतळ नक्की कुठला ते ठरवा

गावाच्या नावावर जाऊ नका, कोड घ्या. प्रवाशांच्या तिकिटावर असतो तो तीन अक्षरी कोड : ग्रीस फियॉर्डचा वायजीझेड, रेझोल्यूटचा वायआरबी, कानाकचा एनएक्यू. वैमानिकांच्या कागदांत असतो तो चार अक्षरी : सीवायजीझेड, सीवायआरबी, बीजीक्यूक्यू. ‘सी’ने सुरू होणारा कॅनडाचा, ‘बीजी’ने सुरू होणारा ग्रीनलँडचा. चार अक्षरी कोड वापरलेला बरा, कारण त्यातून देश लगेच कळतो आणि सारख्या नावांची भानगड मिटते.

कानाकच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते. जुन्या नकाशांवर या भागात ‘थुले’ असं नाव दिसतं. थुले नावाचा अमेरिकी हवाई तळही होता. २०२३ पासून त्याचं नाव पिटुफिक अंतराळ तळ. त्याला स्वतःचा मोठा विमानतळ आहे आणि तो कानाकपासून सुमारे ११० किलोमीटर दक्षिणेला आहे. दोन्ही ठिकाणं एक समजून हिशेब केला तर अंतर तर चुकतंच, शिवाय लष्करी तळावर पूर्वपरवानगीशिवाय उतरताच येत नाही.

कानाक मुळात वसलं तेच या तळामुळे. १९५३ साली तळाच्या विस्तारासाठी तिथल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी कुटुंबांना उठवून उत्तरेला नेलं, ते आजचं कानाक. आणि ग्रीस फियॉर्डही त्याच वर्षीचं : कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या इनुक्जुआकहून इनुइट कुटुंबांना दोन हजार किलोमीटरच्या आसपास लांब, रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्डला आणून सोडलं. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० साली. विमानतळ ज्या जागी आहेत त्या जागी ते का आहेत, याचं उत्तर पुष्कळदा असं सरकारी फायलींत सापडतं.

आता अक्षांश-रेखांश घ्या. ते अंश-मिनिटं-सेकंदांत मिळाले तर दशांशात आणा : मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवायचं. ग्रीस फियॉर्ड ७६ अंश २५ मिनिटं ३४ सेकंद उत्तर, म्हणजे ७६.४२६. रेखांश ८२.९०९ पश्चिम. कानाक ७७.४८९ उत्तर, ६९.३८९ पश्चिम. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायची सवय ठेवा. पुढे उपयोगी पडते.

दुसरी पायरी : अंतर काढा, पण नकाशावर पट्टी ठेवून नाही

मोबाइलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात उत्तरेकडे जावं तसं सगळं ताणलं जातं. ७७ अंशांवर हा ताण सुमारे साडेचार पट. म्हणजे विषुववृत्तावरचे ३६० किलोमीटर आणि इथले ३६० किलोमीटर शेजारी ठेवले, तर इथले सोळाशे दिसतील. या नकाशांवर ध्रुव तर नसतोच. ८५ अंशांच्या जरा वर नकाशा कापलेला असतो. त्यामुळे डोळ्याने अंदाज करायचाच नाही.

हाताने हिशेब करून बघितला की गणित अंगवळणी पडतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे आक्रसत जातो : मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर असतो, ७७ अंशांवर फक्त २५. म्हणून रेखांशांतल्या फरकाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

अक्षांशांतला फरक : ७७.४८९ वजा ७६.४२६, म्हणजे १.०६३ अंश. गुणिले १११.२, बरोबर ११८ किलोमीटर.

रेखांशांतला फरक : ८२.९०९ वजा ६९.३८९, म्हणजे १३.५२ अंश. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश ७६.९६, त्याचा कोसाइन ०.२२५७. गुणाकार ३.०५ अंश, आणि गुणिले १११.२ केलं की ३३९ किलोमीटर.

मग शाळेतला पायथागोरस : ११८ चा वर्ग अधिक ३३९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३५९. पृथ्वी ध्रुवांकडे जरा चपटी आहे हे धरणारे संगणकीय हिशेब ३६० च्या आसपास येतात. कोसाइन लावायला विसरलात तर उत्तर दीड हजार किलोमीटर येईल. तसं आलं की काय राहिलं ते कळतंच.

ही युक्ती काहीशे किलोमीटरपर्यंतच ठीक. लांबच्या जोड्यांना किंवा ध्रुवाजवळ ती फसते. तिथे गोलाचं सूत्र वापरायचं : पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन, अधिक दोघांचे कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. येणारी संख्या ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन काढायचा आणि त्याला १११.२ ने गुणायचं. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर विसरू नका. निम्म्या चुका तिथेच होतात. हे काहीच नको असेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’सारख्या साधनात दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाका, किंवा गूगल अर्थवर मोजपट्टी ओढा. पण एकदा तरी हाताने करा, म्हणजे साधनाने वेडंवाकडं उत्तर दिलं तर संशय येईल.

संशय येण्याची हमखास जागा म्हणजे १८० अंशांची रेषा. रशियातलं अनादिर १७७.७ अंश पूर्वेला, अलास्कातलं नोम १६५.४ अंश पश्चिमेला. चिन्हं धरून सरळ वजाबाकी केली तर फरक ३४३ अंश येतो, जणू पृथ्वीला वळसाच घालायचा आहे. फरक १८० पेक्षा जास्त आला की तो ३६० मधून वजा करायचा. इथे उरतात १७ च्या आतले अंश, आणि अंतर निघतं जेमतेम ८०० किलोमीटर.

दुसरी गंमत ध्रुवापलीकडच्या जोड्यांची. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन आणि अलास्कातलं उत्कियाग्विक, म्हणजे पूर्वीचं बॅरो. सपाट नकाशावर एक मधोमध, दुसरं डाव्या कडेला. खरं अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर, कारण सर्वांत जवळची वाट ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्ताचा चाप म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा, सूत्रापेक्षा लवकर पटतं.

तिसरी पायरी : दिशा, थोडक्यात

ग्रीस फियॉर्डहून कानाककडे निघताना दिशा खऱ्या उत्तरेपासून साधारण ६४ अंश असते, आणि सरळच उडत पोचेपर्यंत ती ७७ च्या पुढे गेलेली असते. रेखांश इथे इतके दाटीने येतात की सरळ उडतानाही दिशेचा आकडा बदलत राहतो. चुंबकीय होकायंत्राचाही फार भरवसा नसतो, कारण चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात त्याची सुई नीट ठरत नाही. म्हणून कॅनडाच्या उत्तर भागात दिशा खऱ्या उत्तरेवरूनच सांगतात. रेझोल्यूटच्या धावपट्टीच्या दिशा सांगणाऱ्या आकड्यापुढे ‘टी’ (ट्रू, म्हणजे खरी) हे अक्षर असतं ते त्यासाठीच. २०११ च्या ऑगस्टमध्ये रेझोल्यूटजवळ एक बोइंग ७३७ टेकडीवर आदळलं आणि १५ पैकी १२ जण गेले. विमानातल्या होकायंत्र प्रणालीत शेवटच्या टप्प्यात १७ अंशांची चूक होती, असं तपासणीत निघालं. फ्लाइट सिम्युलेटरवर हा भाग उडवणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवावं.

चौथी पायरी : धावपट्टी बघा, मग विमान कळेल

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. अंतर काढलं की ते सरळ ९०० ने भागतात, कारण जेट विमान ताशी ९०० किलोमीटर जातं असं कुठेतरी वाचलेलं असतं. ग्रीस फियॉर्डला जेट उतरायचं कुठे?

तिथली धावपट्टी सुमारे ५०० मीटर, तीही खडीची. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. अशा पट्टीवर नियमित उतरणारं विमान म्हणजे ट्विन ऑटर : पंख्याची दोन इंजिनं, १९ च्या आसपास आसनं, आणि थोडक्या जागेत चढायची-उतरायची ताकद. १९६५ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानाला उत्तरेत अजून पर्याय सापडलेला नाही. जाड टायर लावून खडीवर उतरतं, टायरच्या जागी स्की लावल्या की बर्फावर. पुढच्या भागात जाळीखाली बांधलेली खोकी आणि मागे चार-सहा प्रवासी, असं दृश्य तिथे नेहमीचं. सामान जास्त असलं की खुर्च्या कमी होतात. विमानात बसण्याआधी सामानाबरोबर तुमचंही वजन विचारलं किंवा केलं तर वाईट वाटून घेऊ नका; ५०० मीटरमध्ये उचलायचं असतं, म्हणून किलोकिलोचा हिशेब असतो.

कानाकची धावपट्टी ९०० मीटर, खडीचीच, आणि ती झाली २००१ साली. तिथे एअर ग्रीनलँडचं डॅश-८ येतं, तेही पंख्यांचंच पण मोठं विमान, ट्विन ऑटरच्या जवळजवळ दुप्पट वेगाचं. रेझोल्यूटची पट्टी जवळजवळ दोन किलोमीटर, पण तीही खडीची. पूर्वी तिथे बोइंग ७३७-२०० उतरायची, तीही खास साज चढवलेली : पुढच्या चाकामागे दगड उडू नयेत म्हणून आडवी पट्टी, आणि इंजिनांच्या तोंडाशी हवेचा फवारा मारणाऱ्या नळ्या, म्हणजे खडे आत खेचले जाऊ नयेत. पिटुफिकला तीन किलोमीटरची डांबरी पट्टी आहे, आणि तिला पांढरा रंग दिलेला होता, खालची कायम गोठलेली जमीन उन्हाने वितळून पट्टी खचू नये म्हणून.

नियम साधा आहे. दोन विमानतळांपैकी ज्याची पट्टी आखूड, तो विमान ठरवतो. विमान वेग ठरवतं. ग्रीस फियॉर्ड ते कानाक डॅश-८ ने पाऊण तासात झालं असतं. पण ५०० मीटरवर डॅश-८ चा प्रश्न येत नाही, म्हणून हिशेब ट्विन ऑटरचाच धरायचा.

पाचवी पायरी : उड्डाणाचा वेळ

ट्विन ऑटरचा वेग साधारण १५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे ताशी २७८ किलोमीटर. आपण २७५ धरू. ३६० भागिले २७५, म्हणजे १ तास १९ मिनिटं. त्यात चढणं, वळणं, उतरणं आणि जमिनीवर सरकणं यांची दहा-पंधरा मिनिटं मिळवा. मोठ्या जेटला याच कामासाठी अर्धा तास धरतात. वेळापत्रकात छापलेला वेळ हा असा, जागा सोडल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो.

यात वारा धरायला विसरू नका. ग्रीस फियॉर्ड ते रेझोल्यूट ३८५ किलोमीटर. वारा शांत असेल तर १ तास २४ मिनिटं. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर विमानाचा जमिनीवरचा वेग २१५ वर येतो आणि तेच अंतर कापायला १ तास ४७ मिनिटं लागतात. पाठीमागून आला तर १ तास ९. जेटला एवढ्या वाऱ्याने फारसा फरक पडत नाही, संथ विमानाला पडतो. शिवाय ट्विन ऑटरच्या आत हवेचा दाब राखायची सोय नसते, त्यामुळे ते खालूनच उडतं. खराब हवेच्या वर चढून निघून जाणं त्याला जमत नाही.

वैमानिक नुसत्या जाण्याचं इंधन घेत नाही. कानाकवर धुकं आलं तर पिटुफिक ११० किलोमीटरवर आहे, तिथवर जाऊन शिवाय वर शिल्लक राहील एवढं घ्यावं लागतं. ग्रीस फियॉर्ड बंद झालं तर जवळ दुसरं काहीच नाही. परत रेझोल्यूट गाठायचं, म्हणजे जाण्या-येण्याचं इंधन पोटात घेऊनच निघायचं. इंधन वाढलं की माल आणि माणसं कमी. चार माणसांचीच जागा का मिळाली, याचं उत्तर बहुधा यात असतं.

सहावी पायरी : घड्याळं

ग्रीस फियॉर्ड पूर्व कॅनडाच्या वेळेवर चालतं, रेझोल्यूट मध्य कॅनडाच्या, म्हणजे एक तास मागे. दीड तासाचं उड्डाण घड्याळात अर्ध्या तासाचं दिसतं, आणि परतीचं अडीच तासांचं. दोन्ही बघून कोणी ‘येताना वारा फार आहे वाटतं’ असा निष्कर्ष काढला तर हसू नका, होतं तसं.

ग्रीनलँडने २०२३ मध्ये आपली वेळ बदलली, त्यामुळे जुने तक्ते वापरू नका. ग्रीस फियॉर्ड आणि कानाक यांच्यात आता तीन तासांचा फरक पडतो. पिटुफिकचा तळ आपली वेगळी वेळ पाळतो, कानाकपेक्षा दोन तास मागे. मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढे-मागे करायच्या तारखा कॅनडात आणि ग्रीनलँडमध्ये वेगळ्या असतात, तेव्हा काही आठवडे हे फरकसुद्धा हलतात. यावर उपाय एकच : सगळ्या वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत लिहून काढा, वजाबाकी तिथे करा, आणि मग स्थानिक वेळेत आणा.

सातवी पायरी : प्रवासाचा खरा वेळ

आता पाच टप्पे मांडू. ग्रीस फियॉर्ड–रेझोल्यूट ३८५ किलोमीटर. रेझोल्यूट–इकालुइत सुमारे १,५८०, वाटेतल्या थांब्यांशिवाय. इकालुइत–नूक ८२०. नूक–इलुलिस्सात ५६०. इलुलिस्सात–कानाक १,०८०. सगळं मिळून हवेत अकरा-बारा तास. एवढं बघून ‘दोन दिवसांत पोचू’ असं वाटतं.

पण यातली विमानं रोजची नाहीत. ग्रीस फियॉर्डला आठवड्यातून एक-दोनदा विमान येतं. इकालुइत–नूक हे उड्डाण २०२४ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि ते उन्हाळ्यापुरतं, आठवड्यातून एकदाचं. कानाकलाही साधारण आठवड्यातून एकदाच. म्हणून नियोजन शेवटाकडून करा : आधी कानाकच्या विमानाचा वार बघा, त्याच्या मागे इलुलिस्सातला किमान दोन रात्री ठेवा, मग नूकचा वार, आणि असं मागे मागे या. सुरुवातीपासून पुढे जात बसलात तर प्रत्येक ठिकाणी ‘कालच गेलं’ ऐकायला मिळेल. उन्हाळा सोडून निघालात तर इकालुइत–नूक दुवाच तुटतो. मग कॅनडाच्या दक्षिणेत उतरून आइसलँड किंवा डेन्मार्कमार्गे ग्रीनलँड गाठावं लागतं, आणि ४,४०० किलोमीटरचा आकडा दुपटीच्याही पुढे जातो.

‘उन्हाळ्यात हवा चांगली असेल’ हा आपला समज इथे उलटा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावरचा बर्फ फुटतो आणि उघड्या गार पाण्यावरून धुकं किनाऱ्यावर येऊन बसतं. खडीची पट्टीही वितळत्या जमिनीने मऊ पडते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ग्रीस फियॉर्डला सूर्यच उगवत नाही. एप्रिल-मे हे महिने सर्वांत भरवशाचे : उजेड भरपूर, थंडी कोरडी, जमीन घट्ट. पण नेमकं तेव्हा नूकचं उन्हाळी विमान सुरू झालेलं नसतं. आर्क्टिकच्या वेळापत्रकात सगळ्या सोयी एका महिन्यात मिळत नाहीत.

हवामानाने अडकणं हा अपवाद धरू नका, नेहमीचा खर्च धरा. १९२८ च्या एप्रिलमध्ये ह्यूबर्ट विल्किन्स आणि कार्ल बेन आयल्सन हे दोघे अलास्कातल्या पॉइंट बॅरोहून स्वालबार्डला एका इंजिनाच्या विमानाने उडत गेले. हवेत लागले सुमारे २० तास. मग मुक्कामापासून अगदी जवळ असताना वादळामुळे एका ओसाड बेटावर उतरले, आणि तिथे पाच दिवस बसून राहिले. आज विमानं चांगली आहेत, हवामानाचे अंदाज चांगले आहेत, पण उड्डाण आणि थांबणं यांचं प्रमाण अजूनही पुष्कळदा याच वळणाचं असतं. माझा ठोकताळा असा : छोट्या विमानाच्या प्रत्येक टप्प्यामागे एक मोकळा दिवस, आणि शेवटच्या टप्प्यामागे दोन. सगळी तिकिटं शक्यतो एकाच आरक्षणात घ्या. वेगवेगळी घेतली तर एक चुकल्यावर पुढच्यांची जबाबदारी कोणी घेत नाही.

‘खास विमान करून सरळ का जाऊ नये?’ जाता येतं. पण विमान ग्रीस फियॉर्डला मुक्कामी नसतं, ते रेझोल्यूटहून येणार. रेझोल्यूट–कानाक सरळ अंतर ७४५ किलोमीटर, आणि मजा अशी की ग्रीस फियॉर्ड जवळजवळ त्याच रेषेवर आहे. म्हणजे ३८५ अधिक ३६० जाताना, आणि ७४५ रिकामं परतताना. तुम्ही बसणार ३६० किलोमीटर, पैसे मोजणार १,४९० किलोमीटरचे. शिवाय हे आंतरराष्ट्रीय उड्डाण आहे; दोन्हीकडच्या यंत्रणांशी आधी बोलून परवानग्या घ्याव्या लागतात. दोन्ही किनाऱ्यांवरचे इनुइट पूर्वापार बर्फावरून एकमेकांकडे जात आले आहेत, नात्यागोत्याचेही आहेत. मधल्या समुद्रात हिवाळ्यातही पाणी उघडं राहणारा एक मोठा पट्टा आहे, पिकिआलासोर्सुआक. तिथली ये-जा पुन्हा सोपी करावी अशी मागणी त्यांच्याच आयोगाने केली होती. विमानाचं वेळापत्रक मात्र उत्तर-दक्षिण चालतं, कारण पैसा आणि माल दक्षिणेतल्या राजधान्यांतून येतो.

आपल्याकडचा माणूस जातो तो मार्ग

ग्रीस फियॉर्डला आपल्यापैकी क्वचितच कोणी जाईल. स्वालबार्डला मात्र भारतातून माणसं नेमाने जातात. नी-ऑलेसुंड इथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे आणि ते चालवते गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था. तेव्हा गोव्यात किंवा पुण्यात बसून कोणी विद्यार्थी ‘लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड किती वेळ’ असं शोधत असेल, तर वरच्याच पायऱ्या लावायच्या.

लाँगइयरब्येन ७८.२४६ उत्तर, १५.४६६ पूर्व. नी-ऑलेसुंड ७८.९२८ उत्तर, ११.८७४ पूर्व. अंतर ११० किलोमीटर. लाँगइयरब्येनची पट्टी दोन किलोमीटरहून लांब, तिथे नॉर्वेहून मोठी जेट येतात. नी-ऑलेसुंडची खडीची, सुमारे ८०० मीटर. म्हणून विमान डॉर्नियर २२८, ज्याची भारतीय आवृत्ती आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कानपूरला बांधली. वेळ वीस-पंचवीस मिनिटं. जागा तिकिटांच्या संकेतस्थळावर मिळत नाही. ती वस्ती सांभाळणाऱ्या किंग्ज बे कंपनीमार्फत, संस्थेच्या पत्राने ठरते. आणि नी-ऑलेसुंडला वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवायचा नियम आहे, कारण तिथली वेधशाळा अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपते. परतीची तिकिटं, नकाशे, पत्रं लाँगइयरब्येनलाच उतरवून किंवा छापून घ्या.

व्हिसा : हिशेबात न येणारा वेळ

स्वालबार्ड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. नॉर्वेतून तिकडे निघालात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता, आणि परतताना पुन्हा आत येता. भारतीय पासपोर्टवर एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो जातानाच संपतो. किमान दोन प्रवेशांचा हवा. ग्रीनलँडही शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्कचा साधा व्हिसा तिथे चालत नाही, त्यावर ‘ग्रीनलँडसाठी वैध’ असा वेगळा शेरा लागतो. वरचा पाच टप्प्यांचा मार्ग उलटाही करणार असाल तर कॅनडाचा व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. ग्रीनलँडचा शेरा अर्ज भरतानाच मागावा लागतो. इकालुइतच्या काउंटरवर तो कोणी मारून देत नाही.